केवळबाईची दृष्ट

केवळबाईच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं आणि मी शिंकलो. माईकवर, आणि एकदा शिंकून थांबलो असतो तरी बरं, पण लागोपाठ शिंका सुटल्या. मार्केटच्या शेडमध्ये बसलेले हमाल, व्यापारी, बाया, सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "रडू दाबी ऱ्हायना बिचारा." मागच्या बाजूला तिघी-चौघी जणी मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या. शोकसभेत हसतात म्हणून लोकांनी त्यांच्याकडे डोळे वटारले. मला उलट त्यांच्या हसण्यानेच धीर आला, कारण त्या शिंकेचं मूळ फक्त त्यांनाच ठाऊक होतं. मी खिशातून भाषणाचा कागद काढला. 'कष्टकऱ्यांची रणरागिणी' असं पहिलंच वाक्य होतं. ते वाचलं आणि वाटलं, केवळबाई, आमची आक्का, समोर असती तर म्हणाली असती, "भाऊ, हाई कोन बाई शे? मन्ही तिन्हासंगे वळख तरी करी दे." कागदाची घडी घातली आणि खाली बसलो. तिथे जे सांगायचं राहिलं ते इथे सांगतो.

आधी माझी ओळख, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. मी मापाडी. मिरचीची पोती काट्यावर चढली की वजन ओरडून सांगणारा माणूस. आता काटा स्वतःच लाल आकड्यांत वजन दाखवतो, समोरच्या शेठला ते दिसतं, हमालाला दिसतं, तरी मी ते ओरडतो. नाही ओरडलं तर मला पगार कशाचा द्यायचा, हा प्रश्न कुणाला तरी पडेल. जन्म मिरचीत गेला आणि मला मिरचीची धूळ सहन होत नाही, हे माझं दुसरं वैशिष्ट्य. नवा हमाल आठ-पंधरा दिवसांत सरावतो. मी अजून सरावतोच आहे. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी शिंक ऐकू आली की माझी बायको चहाचं आधण ठेवते. असा हा माणूस मिरची कामगार युनियनचा सेक्रेटरी होता, आणि अध्यक्ष होती केवळबाई.

आमच्या नंदुरबारकडे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानाला पथारी म्हणतात. ओली लाल मिरची ट्रॉल्या भरभरून येते आणि पथारीवर पसरली जाते. बाया त्या मिरचीतच बसून ती हलवतात, देठ खुडतात, पांढरी पडलेली फटकी वेगळी काढतात. वरून ऊन, खालून मिरची, मधे बाई. लांबून बघणाऱ्याला ते फार सुंदर दिसतं. शहराकडची पोरं येऊन फोटो काढतात, लालभडक मैदान आणि त्यात रंगीत लुगडी. फोटोत वास येत नाही, म्हणून ते सुंदर दिसतं.

केवळबाई या मैदानाच्या मधोमध बसायची. उंचीने बेताची, अंगाने वाळकी, पण आवाज असा की तिने "चहा उना व!" म्हटलं की पलीकडे रेल्वे फाटकावरचा माणूस मान वर करून बघायचा. तिला हळू बोलता यायचंच नाही. गुपित सांगायचं असलं की ती माणसाला कोपऱ्यात ओढायची, इकडेतिकडे बघायची आणि मग ते गुपित त्याच आवाजात सांगायची. त्यामुळे आमच्या युनियनचा एकही डाव व्यापाऱ्यांपासून लपून राहिला नाही. संप सोमवारी ठरला की शनिवारी शेठ मला विचारायचा, "काय मापाडी, सोमवारी येणार नाही म्हणे?" मी म्हणायचो, "मला काही कल्पना नाही, शेठ." सेक्रेटरीचं उत्तर हे असं.

तिच्या या आवाजामुळेच सगळ्या पथारीला कळलं की मिरची कामगारांची अध्यक्ष मिरची खात नाही. एकदा जेवायच्या सुट्टीत मी चुकून, बरं, चुकून नाही, भूक लागली होती म्हणून, तिचा डबा उघडला. आत दुधात कुस्करलेली भाकरी आणि वर गुळाचा खडा. तिने मला बाजूला नेलं. "भाऊ, कोनले सांगू नको," ती म्हणाली, "माले तिखट चालत नही." पथारीवरच्या सगळ्या बाया एकदम हसल्या. तेव्हापासून तिच्यासाठी कुणी ना कुणी रोज गुळाचा खडा आणायचं आणि ती रोज विचारायची, "तुम्हले कोनी सांगं व? हाऊ मापाडीनीच सांगं व्हई." मग उरलेला दिवस माझ्याशी बोलायची नाही. न बोलण्याचंही ती मोठ्याने सांगून ठेवायची.

मिरचीतल्या बाया हंगामात हाताने डोळा पुसत नाहीत, लेकराच्या गालाला हात लावत नाहीत. हात ताकात बुडवले, तेल चोळलं, तरी आग राहतेच. केवळबाईने त्यावर स्वतःची रीत काढली होती. ती कोपराने लाड करायची. नातवंडांच्या डोक्यावरून कोपर फिरवायची, सुनेच्या पाठीला कोपर लावून "जेवनी का?" विचारायची. मला पहिली शाबासकी मिळाली ती बरगडीत, आणि दुसऱ्या दिवशी मी उजव्या कुशीवर झोपलो. हंगाम संपायचा, पावसाळा लागायचा, हात निवायचे, तरी तिची सवय जायची नाही. लग्नात नवरानवरीलासुद्धा ती कोपरानेच आशीर्वाद द्यायची. पाहुण्यांना वाटायचं, हा आमच्याकडचा काही विधी असेल.

आता युनियन कशी झाली ते. आमच्याकडे मिरचीच्या दिवसांत पूर्वी आभाळ कोरडं ठणठणीत असायचं. आता कशाचाच नेम राहिला नाही. ऐन थंडीत पाऊस येतो, होळीच्या आधी पाऊस येतो, आणि मधल्या दिवसांत असं ऊन पडतं की पथारीवर अनवाणी पाय टेकवता येत नाही. अशाच एका दुपारी, सकाळपासून उन्हात बसून दोन बाया चक्कर येऊन पडलेल्या, आणि अचानक आभाळ भरून आलं. ताडपत्र्या अर्ध्या मिरचीलाच पुरल्या. उरलेली भिजली. संध्याकाळी शेठ म्हणाला, नुकसान झालंय, आज अर्धीच मजुरी.

मी काट्याच्या मागे उभा, काटा उंच असतो म्हणून. केवळबाई लुगडं पिळत होती. पिळता पिळता म्हणाली, "शेठ, पाऊस काय आम्ही पाडा का?"

खरं सांगायचं तर शेठनेही पाडला नव्हता. पण मग तो पाऊस ज्यांनी कुणी पाडला त्यांचं नुकसान पथारीवरच्या बाईच्या मजुरीतून का कापायचं, हे त्या दिवशी त्याला सांगता आलं नाही, आणि पुढेही कुणाला सांगता आलं नाही. पूर्ण मजुरी मिळाली. आणि 'पाऊस काय आम्ही पाडा का' ही आमची घोषणा झाली. त्याच आठवड्यात तिने युनियन काढली. लिहिणारा माणूस हवा म्हणून ती ओळीने सगळ्यांच्या खिशाकडे बघत आली आणि माझ्यापाशी थांबली. माझ्या खिशाला पेन होतं. "हाऊ आमना सेक्रेटरी," तिने जाहीर केलं. मी म्हणालो, "आक्का, पेनात शाई नाही." ती म्हणाली, "मंग भरी ले." एवढीच माझी निवडणूक.

मागण्या सोप्या होत्या. ऊन उतरेपर्यंत दुपारची सुट्टी, सावलीला जाळी, प्यायला गार पाणी, पावसाने मिरची भिजली तर मजुरी कापायची नाही. आणि शेवटची मागणी धुराची. खरं तर तीच पहिली होती. मी अर्जात ती शेवटी लिहिली, कारण लिहिताना मला शेठची भीती वाटली.

त्या धुराचं असं. भिजलेली मिरची सडते. फटकी, देठ, सडका माल, सगळा कचरा पथारीच्या मागे नाल्याकाठी ओतायचे आणि पेटवून द्यायचे. नाल्याच्या पलीकडे बस्ती. केवळबाई तिथे, मी तिथे, पथारीवर राबणारी निम्मी माणसं तिथे. घरात फोडणीला एक मिरची करपली तर आपण दारंखिडक्या उघडतो, पोरांना बाहेर काढतो. इथे ट्रॉल्याच्या ट्रॉल्या पेटायच्या आणि पळायला जागा नसायची. पाऊस अवेळी वाढला तसा सडका माल वाढला आणि धूरही वाढला. शेठलोकांची घरं गावाच्या वरच्या अंगाला, वारा कधी तिकडे जायचा नाही. आमच्याकडची तान्ही पोरं रात्रंदिवस खोकायची. अजूनही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. तेव्हाही फिरायचं, फक्त मी ते काट्यामागे उभा राहून फिरवायचो.

या धुराने सगळ्यात आधी धरली ती केवळबाईची छाती. शहाद्याच्या डॉक्टरला दाखवून आली आणि एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या सगळ्या स्टँडला सांगितलं, "डॉक्टर म्हने, एक तं धूर सोड, नही तं गाव सोड. मी म्हनं, धूर काय मी धरी ठेवेल शे का सोडाले?" पण डॉक्टर चेष्टा करत नव्हता. पुढचा हंगाम या धुरात काढलास तर छाती निकामी होईल, असं त्याने तिच्या सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं. सुनेने रडून रडून तिला लेकीकडे खापरला पाठवलं. आठवडा भरायच्या आत ती परत. मी विचारलं, "काय झालं आक्का? हवा चांगली आहे ना तिकडे?"

"तठे बठं चांगलं शे," ती वैतागून म्हणाली, "पन भांडाले कोनीच नही."

मग एकच उरलं. ती गाव सोडणार नव्हती, म्हणून धूर बंद व्हायला हवा होता, आणि तोही पुढच्या हंगामाच्या आत. आम्ही संप पुकारला.

या संपाची गोष्ट मी सहसा सांगत नाही. सकाळी सगळ्या बाया पथारीच्या फाटकाबाहेर बसल्या. आत मिरची पसरलेली, हलवायला कुणी नाही. शेठ एकटाच येरझाऱ्या घालतोय. घोषणा जोरात, चहा दोनदा झालेला, मीसुद्धा एकदा 'विजय असो' म्हणालो. दुपारी वारा सुटला आणि तोरणमाळच्या बाजूने काळं आभाळ चढायला लागलं. घोषणा मंदावल्या. सगळ्या माना वर. पहिला थेंब पडला आणि केवळबाई ओरडली, "व माय, मिरची भिजी जाई!"

पुढचं कुणी ठरवून केलं नाही. सगळा संप उठला आणि फाटकातून आत पळाला. कुणी मिरची ओढतंय, कुणी ढीग लावतंय, कुणी ताडपत्री धरतंय. मीही ताडपत्रीचं एक टोक धरून पळत सुटलो. बरंच पुढे गेल्यावर कळलं की दुसरं टोक कुणी धरलेलंच नाही आणि मी झाकलेल्या मिरचीवरची ताडपत्री ओढून नेतोय. केवळबाईने मला तिथेच जी शिवी दिली ती लिहिण्यासारखी नाही. सगळी मिरची वाचली. पाऊस येऊन गेला. मग सगळ्या बाया ओल्याचिंब, ओळीने बाहेर आल्या आणि होत्या तिथे परत संपाला बसल्या.

शेठ फाटकात उभा. हसावं की काय करावं त्याला कळेना. म्हणाला, "अहो केवळबाई, हा कसला संप?"

"ते काम नव्हतं," केवळबाई पदराने डोकं पुसत म्हणाली. "ती सवय व्हती. सवयनी मजुरी आम्ही मांगत नही."

गावात आमची भरपूर चेष्टा झाली. पानटपरीवर मला लोक विचारायचे, "सेक्रेटरीसाहेब, पुढचा संप कधी? आमचीही मिरची झाकायची आहे." पण शेठ त्या दिवशी आतून कुठेतरी हलला असावा. जाळी लागली, एका बाजूला का होईना. पाण्याचे माठ आले. दुपारची सुट्टीही मान्य झाली, पावसात मजुरी कापणं थांबलं. धुराचं मात्र तो बोलेना. "कचरा नेऊन टाकायचा कुठे? आणि साध्या धुराने काय होतं? ऑफिसने परवानगी दिलीय," एवढंच म्हणायचा.

हे ऑफिस नेमकं कशाचं, आरोग्याचं की प्रदूषणाचं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण पाटी अर्धी पुसलेली होती. तिथे मी अर्ज घेऊन बऱ्याच चकरा मारल्या. साहेब सज्जन होते. दरवेळी खुर्ची द्यायचे आणि सांगायचे, "त्या धुराने काही होत नाही हो. थोडा वास येतो, इतकंच." मी म्हणायचो, "बरं साहेब." शेवटच्या वेळी तर मी त्यांना "धन्यवाद"ही म्हणून आलो. ते कळल्यावर केवळबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि या वेळी खरोखरच बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "भाऊ, साहेबले दृष्ट लागेल शे. काढनी पडी."

आपल्याकडे दृष्ट कशी काढतात ते माहीतच आहे. मिरच्या, मीठ माणसावरून ओवाळायचं आणि निखाऱ्यावर टाकायचं. ठसका लागला तर दृष्ट नव्हती. मिरची जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट होती आणि ती जळाली. आम्ही दहा-बारा जण गेलो. केवळबाईच्या हातात घमेलं, त्यात चहावाल्याकडून घेतलेले निखारे. एका बाईच्या ओच्यात नाल्याकाठच्या ढिगातली सडकी मिरची. शिपायाने दारात अडवलं, "आग आत न्यायची नाही." पण दृष्ट काढायची आहे म्हटल्यावर तो बाजूला झाला. साहेबाची दृष्ट याने अडवली, असं उद्या कुणी म्हणायला नको.

माझं काम ठरलेलं होतं. साहेबासमोर उभं राहून अर्ज मोठ्याने वाचायचा, म्हणजे ते खुर्चीतून उठणार नाहीत. मी 'महोदय' म्हणालो. केवळबाईने साहेबांवरून मूठ ओवाळली, "आल्यागेल्यानी, काया डोयानी, गोऱ्या डोयानी," आणि मूठ निखाऱ्यावर टाकली. मी 'विषय' म्हणालो आणि अर्जावर शिंकलो. पुढचा अर्ज कुणालाच वाचता आला नाही.

साहेब मात्र बसून राहिले. त्यांची पंचाईत मला समोरच दिसत होती. खोकले असते तर धुराने त्रास होतो हे कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यांनी ओठ आवळले. डोळे लाल झाले. कपाळावर शीर उभी राहिली.

"साहेब, ठसका लागना का?" केवळबाईने विचारलं.

"नाही," साहेब नाकातून म्हणाले.

"अरे बापरे! भलतीच मोठी दृष्ट शे! आखो टाका व!"

दुसरी मूठ पडली आणि साहेबांचा बांध फुटला. खोकत खोकत ते बाहेर धावले, त्यांच्यामागे क्लार्क, शिपाई, अर्जदार, अख्खं ऑफिस अंगणातल्या लिंबाखाली. बाया हसून हसून खाली बसल्या. केवळबाईने आपल्या बाटलीतलं पाणी साहेबांना दिलं आणि म्हणाली, "घाबरू नका साहेब, दृष्ट नही तुम्हले. आम्ही रोज ह्या धूरमाच ऱ्हातस." मग तिलाच खोकला आला. घमेलं तिच्याच हातात होतं, सगळ्यात जास्त धूर तिनेच घेतला होता. तो खोकला थांबेचना. आमचं हसणं थांबलं. साहेबांनी हातातली बाटली तिच्या तोंडाला लावली, स्वतःची गाडी काढली आणि तिला दवाखान्यात नेलं.

आठवड्याभरात साहेब संध्याकाळी बस्तीत आले. नाल्याकाठी उभे राहिले, रुमाल नाकाला लावला, थोड्या वेळाने काढला आणि परत गेले. नंतर हुकूम आला. कचरा पेटवायचा नाही, वस्तीपासून लांब नेऊन खड्ड्यात पुरायचा, त्याचं खत करायचं. व्यापाऱ्यांनी खळखळ केली, पण ट्रॉल्या जायला लागल्या. एक शेठ अजूनही रविवारी पेटवतो, त्या दिवशी साहेबांना सुट्टी असते म्हणून. त्याच्या दारात युनियनची कुणी ना कुणी बाई रविवारी जाऊन बसते. पण बाकी धूर गेला. त्या हंगामात बस्तीत पहिल्यांदा लोक दारं उघडी टाकून जेवले.

केवळबाईचा आवाज मात्र परत आला नाही. खोकला कमी झाला, पण आवाज गेला तो गेलाच. नुसता वारा निघायचा. युनियनच्या सभेत ती बाकावर बसायची, माझ्या कानात घोषणा सांगायची आणि मी ती ओरडायचो. रेल्वे फाटकापर्यंत पोचणारा आवाज गेला आणि त्याच्या जागी बायकांना माझा आवाज मिळाला. 'पाऊस काय आम्ही पाडा का' मी असं म्हणायचो की बाया तोंड दाबून हसायच्या. केवळबाई कानात म्हणायची, "भाऊ, घोषना देस का पोतं मोजस?" आणि बरगडीत कोपर. मी कधी तिला सांगितलं नाही, पण त्या कोपरासाठी मी घोषणा मुद्दाम वाईट द्यायला लागलो होतो. फार जीव होता माझा तिच्यावर. हे तिला सांगितलं असतं तर सगळ्या पथारीला कळलं असतं, म्हणून कधी सांगितलं नाही. आणि तेव्हा सांगायला जावं तर तिचा आवाज पथारीपर्यंत पोचणार नव्हता, या विचारानेच मला रडू यायचं.

तिला शेवटचं पाहिलं ते पुढच्या हंगामाच्या तोंडावर. ती खाटेवर पडून होती, खाट दारात ओढलेली. श्वास भात्यासारखा चालत होता. चार-पाच बाया जमल्या होत्या, शोकसभेत हसणाऱ्या यांतल्याच, आणि सून घमेल्यात निखारे फुंकत होती. "डॉक्टरले काय समजस?" सून मला म्हणाली. "आत्यानी आवाजलेच दृष्ट लागनी. इतला मोठा आवाज, कोन्ही तरी नजर लागनीच." तिला हे खरं हवं होतं. दृष्ट असेल तर ती निघते. छाती गेली असेल तर तिला उतारा नाही.

केवळबाईने मला खुणेने जवळ बोलावलं. कानात म्हणाली, "आठे मिरची पेटाडाले बंदी शे. मीच करेल शे." मी म्हणालो, "आक्का, आज सुट्टी दे." ती हसली. "बरं," म्हणाली, "पन रविवारना शेठले सांगू नको."

सुनेने ओवाळलं आणि मिरची निखाऱ्यावर टाकली. चांगली लाल, नव्या हंगामाची मिरची होती, तिखटजाळ. धूर वर आला आणि माझ्या नाकाच्या शेंड्यापासून टाळूपर्यंत आग झाली. सून केवळबाईकडे वाकली. "आत्या, लागना का ठसका?"

केवळबाईने मान हलवली. "काहीच नही उनं माले." तिला खरंच काही आलं नव्हतं. वास, तिखट, सगळं तिच्यापासून लांब गेलं होतं. तिने खाटेभोवतीच्या बायांकडे बघितलं. "तुम्हले व?"

एकही बाई खोकली नाही. एकीने छताकडे बघितलं, एकीने पदर दातात धरला, एकीच्या गळ्याची शीर टरारली होती. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. सुनेचा चेहरा उजळला. मग केवळबाईची नजर माझ्यावर आली. बाकीच्या सगळ्यांचीही आली. जन्मभर काट्यावर शिंकणारा माणूस आता शिंकला की सगळं संपलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी पायाची बोटं चपलेत रुतवली. जीभ टाळूला दाबली. मनात पावकीचा पाढा म्हटला, निमकीचा म्हटला. डोळ्यांतून धारा लागल्या.

"भाऊ, तुले?" तिने विचारलं.

"नाही, आक्का," मी नाकातून म्हणालो.

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मला वाकायची खूण केली, हात उचलला आणि कोपराने माझा एक डोळा पुसला, मग दुसरा. "भलतीच मोठी दृष्ट व्हती मंग," ती म्हणाली. सुनेने हात जोडले आणि घमेलं उचलून बाहेर नेलं.

"येतो, आक्का," एवढं म्हणून मी निघालो. धावलो नाही. बस्तीच्या वळणापर्यंत नाक दाबून चालत गेलो आणि तिथे मला जी शिंक आली, तशी आयुष्यात कधी आली नव्हती. रेल्वे फाटकावरच्या माणसाने नक्की मान वर केली असेल. मी घाबरून मागे वळून पाहिलं. दारातल्या खाटेवर केवळबाईचे खांदे हलत होते. ती हसत होती की खोकत होती, ते इतक्या लांबून कळलं नाही. कोपर तेवढं तिने वर केलेलं दिसलं.